आयर्लंडचे राज्यमंत्री: बैठकीतली खुर्ची आणि कागदावरचे अधिकार

आयर्लंडच्या आघाडी सरकारने राज्यमंत्र्यांची कमाल संख्या 23 केल्याची एक छोटी नोंद मागील अंकात प्रसिद्ध झाली होती. तिच्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. मराठवाड्यात मंत्रिपद हा केवळ बातमीचा विषय नसून जिल्ह्याच्या हक्काचा विषय मानला जातो, त्यामुळे ही उत्सुकता समजण्यासारखी आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

उदगीर येथील एक निवृत्त शिक्षक विचारतात: आयर्लंडमधील राज्यमंत्री आपल्याकडील राज्यमंत्र्यासारखाच असतो का? त्याला शपथ कोण देते?

वरवर पाहता तो आपल्या राज्यमंत्र्यासारखा दिसतो, परंतु घटनात्मक स्थान पाहिले तर तो बराच वेगळा आहे. आपल्या राज्यघटनेच्या 164 व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने मंत्र्यांची नियुक्ती करतात, आणि कॅबिनेट मंत्री असो वा राज्यमंत्री, दोघेही एकाच मंत्रिपरिषदेचे सदस्य असतात. डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात महायुती सरकारच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, तेव्हा 33 कॅबिनेट मंत्र्यांबरोबर सहा राज्यमंत्र्यांनीही त्याच व्यासपीठावर शपथ घेतली आणि त्यांत जिंतूरच्या मेघना बोर्डीकर होत्या, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेत ‘सरकार’ या संस्थेची व्याख्या अतिशय आखीव आहे. तिच्या 28 व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमध्ये कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त 15 सदस्य असतात. पंतप्रधान, ज्यांना तेथे टीशक म्हणतात, उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री हे तिघे डॉइल या कनिष्ठ सभागृहाचेच सदस्य असावे लागतात. हे 15 जण म्हणजेच सरकार, आणि राज्यमंत्री त्यात मोडत नाहीत. त्यांचा उल्लेख घटनेत नाही. त्यांचे पद 1977 च्या एका साध्या कायद्याने निर्माण झाले असून त्यापूर्वी त्यांच्या जागी संसदीय सचिव असत आणि 1924 च्या कायद्यानुसार ते सातांपेक्षा अधिक नेमता येत नसत.

वरिष्ठ मंत्री राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी जाऊन त्यांच्या हस्ते पदाची मुद्रा स्वीकारतात. राज्यमंत्र्यांच्या वाट्याला हा सोहळा येत नाही. टीशक नाव सुचवतात आणि सरकार, म्हणजे ते 15 जण, बैठकीत नियुक्ती करते. टीशक यांच्या शिफारशीवरून त्यांना पदावरून दूर करण्याचा अधिकारही सरकारकडेच आहे. थोडक्यात, आपला राज्यमंत्री मंत्रिपरिषदेतला धाकटा सदस्य असतो, तर आयर्लंडचा राज्यमंत्री सरकारने नेमलेला, परंतु सरकारबाहेरचा पदाधिकारी असतो. पुढील जवळपास सर्व उत्तरांच्या मुळाशी हाच फरक आहे.

छत्रपती संभाजीनगर येथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी विचारते: आपल्याकडे 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा आली. आयर्लंडमध्ये अशी मर्यादा आहे का, आणि असल्यास राज्यमंत्री वाढत कसे गेले?

वरिष्ठ मंत्र्यांची 15 ही मर्यादा घटनेत असल्याने ती बदलण्यासाठी सार्वमत घ्यावे लागेल, आणि स्वतःसाठी मंत्रिपदे वाढवून मागायला जनतेपुढे जाण्याचे धाडस कोणताही पक्ष करणार नाही. राज्यमंत्र्यांची मर्यादा मात्र कायद्यात आहे आणि कायदा संसदेच्या साध्या बहुमताने बदलता येतो. त्यामुळे जेव्हा जेव्हा जागा कमी पडल्या, तेव्हा तेव्हा वाढ खालच्या मजल्यावर झाली. 1977 मध्ये कमाल संख्या 10 होती. ती 1980 मध्ये 15, 1995 मध्ये 17 आणि 2007 मध्ये 20 झाली. 2025 च्या दुरुस्तीने ती 23 वर गेली.

या चढत्या आलेखाला एकच उतार आहे. आर्थिक अरिष्टाच्या काळात, 2009 मध्ये, टीशक ब्रायन कोवेन यांनी सर्व 20 राज्यमंत्र्यांचे राजीनामे घेतले आणि केवळ 15 जणांना पुन्हा नेमले. परंतु कायद्यातील 20 हा आकडा तसाच राहिला. त्यामुळे 2016 नंतर संख्या पुन्हा वाढू लागली तेव्हा कायद्याला हात लावावा लागला नाही आणि 2020 च्या तीन पक्षांच्या सरकारने सर्व 20 जागा भरल्या.

परीक्षेसाठी आपण दोन्ही देशांची तुलना करणार असाल तर ती पुढीलप्रमाणे करता येईल. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीनुसार मंत्र्यांची एकूण संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, म्हणजे 288 सदस्यांच्या महाराष्ट्रात ती 43 पर्यंतच जाते आणि त्या 43 मध्ये राज्यमंत्रीही मोजले जातात. आयर्लंडच्या डॉइलमध्ये 174 सदस्य आहेत आणि वरिष्ठ मंत्री व राज्यमंत्री मिळून 38 पदे आहेत. हे प्रमाण जवळजवळ 22 टक्के होते. तेथे सर्वांना एकत्र मोजणारी मर्यादाच नाही. घटनेने एक गट मोजला आहे आणि कायद्याने दुसरा. 2022 च्या जनगणनेनुसार त्या देशाची लोकसंख्या सुमारे 51 लाख 49 हजार आहे. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या 2011 मध्येच 1 कोटी 87 लाखांच्या घरात होती. एवढ्या लहान देशाला 38 मंत्री कशासाठी लागतात, हा प्रश्न तेथील विरोधी पक्षही विचारतात, आणि प्रशासनाच्या दृष्टीने त्याला पटेल असे उत्तर आमच्या पाहण्यात नाही. राजकारणाच्या दृष्टीने मात्र उत्तर सरळ आहे.

फिएना फॉइल हा तेथील प्रदीर्घ काळ सत्तेत राहिलेला पक्ष. आघाडी करायची नाही हे त्याचे जुने धोरण होते, परंतु 1989 मध्ये त्याने प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षाशी हातमिळवणी केली आणि तेव्हापासून एकाच पक्षाचे सरकार आयर्लंडमध्ये आलेले नाही. दोन किंवा तीन पक्ष, शिवाय अपक्ष, अशी मोट बांधायची तर 15 खुर्च्या पुरत नाहीत. 29 नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत फिएना फॉइलला 48 आणि आघाडीतील दुसरा पक्ष फिने गेल याला 38 जागा मिळाल्या. बहुमत 88 चे असताना बेरीज 86 झाली. या दोन जागांच्या तुटवड्याने अपक्षांचा भाव वाढला. 23 जानेवारी 2025 रोजी फिएना फॉइलचे मिहॉल मार्टिन 95 मतांनी टीशक म्हणून निवडून आले. ही 95 मते आणि वरील 38 पदे शेजारी मांडून पाहावीत: पाठिंबा देणाऱ्या दर पाच खासदारांमागे दोन पदे येतात.

परभणी येथील वाचक: आयर्लंडमध्ये दोन अपक्षांनी राज्यमंत्रिपद नाणेफेक करून वाटून घेतले, असे ऐकिवात आहे. हे खरे आहे का?

खरे आहे. 2016 मध्ये फिने गेलचे अल्पमतातील सरकार अपक्षांच्या आघाडीसह सत्तेवर आले. सार्वजनिक बांधकाम कार्यालय आणि पूरनिवारण यांची जबाबदारी असलेल्या राज्यमंत्रिपदावर गॉलवेचे शॉन कॅनी आणि अॅथलोनचे केव्हिन मोरन या दोघांचा दावा होता. दोघांनीही ते आळीपाळीने भूषवायचे ठरले आणि पहिली पाळी कोणाची, याचा निर्णय नाणेफेकीने झाला. कॅनी जिंकले. मोरन यांनी वर्षभर वाट पाहिली आणि जून 2017 मध्ये पद स्वीकारले.

ही गोष्ट हसून सोडून देण्याजोगी वाटेल. परंतु त्या खात्याचे महत्त्व ध्यानात घेतले तर दोघांची ओढ समजते. अॅथलोन हे शॅनन नदीच्या काठचे गाव आहे आणि पुराचा फटका त्याला वारंवार बसत आला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याकडे अतिवृष्टीने आणि नद्यांच्या पुराने शेतेच्या शेते खरडून नेली, त्या वेळी पूरसंरक्षक बांधांचा निधी ज्याच्या सहीने सुटतो असा मंत्री आपल्याच तालुक्याचा असावा, असे कोणाला वाटले नसेल? मतदारसंघातील एकच मोठे दुखणे ज्या खात्याच्या कक्षेत येते, ते दुय्यम दर्जाचे असले तरी अपक्षाच्या दृष्टीने परराष्ट्र खात्यापेक्षा मोलाचे ठरते.

आयर्लंडची मतदानपद्धती या वृत्तीला खतपाणी घालते. तेथे एकेका मतदारसंघातून तीन ते पाच खासदार निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. परिणामी एकाच पक्षाचे दोन उमेदवारही परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात, आणि आपल्या गावासाठी काय आणले हे सांगता येणे हा प्रचाराचा मुख्य आधार ठरतो. पक्षाचे छत्र नसलेल्या अपक्षाकडे तर सांगण्यासारखे दुसरे काही नसतेच.

2025 च्या सरकारात हेच दोघे पुन्हा दिसतात. मोरन त्याच पूरनिवारणाच्या खात्यावर परतले. कॅनी वाहतूक खात्यात राज्यमंत्री झाले आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसण्याचा मानही त्यांना मिळाला. केरी काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मायकेल हीली-रे यांना कृषी खात्यात वनीकरणाचा कार्यभार मिळाला.

ज्यांना पद मिळाले नाही अशा पाठिराख्या अपक्षांची गोष्ट मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. अपक्ष खासदार मायकेल लाउरी यांच्या नेतृत्वाखालील गटाने सरकारला पाठिंबा दिला, परंतु त्यातील पद न मिळालेल्या खासदारांनी सभागृहात विरोधकांच्या वाट्याच्या वेळेत बोलण्याची मुभा मागितली. विरोधी पक्ष एवढे खवळले की 22 जानेवारी 2025 रोजी सभागृह वारंवार तहकूब करावे लागले आणि टीशक यांची निवड दुसऱ्या दिवसावर गेली. सरकारला मत द्यायचे आणि प्रश्न मात्र विरोधी बाकावरून विचारायचे, ही मागणी आमच्या मते उघडउघड गैर होती. मार्चमध्ये सरकारने नियम बदलून या खासदारांसाठी वेगळी वेळ राखून ठेवली, आणि तोही बदल प्रचंड गदारोळातच मंजूर झाला.

अंबाजोगाई येथे राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका लिहितात: राज्यमंत्री सरकारचा सदस्य नसताना त्यातील काही जण मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसतात. हे घटनेच्या 28 व्या अनुच्छेदाशी सुसंगत कसे? या प्रथेचा उगम आणि तिच्यावरील आक्षेप सविस्तर सांगावेत.

बाई, आपला प्रश्न या साऱ्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून उत्तरही विस्ताराने देत आहोत.

सरकारचा सदस्य नसलेली व्यक्ती बैठकीत बसणे ही आयर्लंडमध्ये अगदी नवी गोष्ट नाही. महाधिवक्ता सरकारचे सदस्य नसतात, तरी कायदेशीर सल्ल्यासाठी ते उपस्थित राहतात. सरकारचे मुख्य प्रतोद, जे स्वतः राज्यमंत्री असतात, तेही संसदेच्या कामकाजाची आखणी करण्यासाठी परंपरेने बैठकीत असतात. या दोन अपवादांना कोणी फारशी हरकत घेतली नव्हती, कारण दोघांचे काम बैठकीला साहाय्य करण्याचे होते.

चित्र बदलले ते डिसेंबर 1994 मध्ये. टीशक अल्बर्ट रेनॉल्ड्स यांचे सरकार कोसळल्यावर निवडणूक न घेताच फिने गेल, लेबर आणि डेमोक्रॅटिक लेफ्ट या तीन पक्षांनी जॉन ब्रुटन यांच्या नेतृत्वाखाली सरकार बनवले. 15 खुर्च्यांच्या वाटणीत डेमोक्रॅटिक लेफ्टच्या वाट्याला एकच आली आणि ती पक्षाचे नेते प्रोइन्शियस डी रोसा यांना गेली. पक्षाला आणखी एक माणूस आत हवा होता आणि सोळावी खुर्ची घटनेने नाकारली होती. तोडगा असा निघाला की पॅट रॅबिट यांना राज्यमंत्री नेमायचे आणि बैठकीत बसू द्यायचे, परंतु सदस्यत्व द्यायचे नाही. वृत्तपत्रांनी या नव्या पदाला ‘सुपर ज्युनियर’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. आपल्याकडे केंद्रात स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री असतात, परंतु ती तुलना फार ताणू नये. आपला स्वतंत्र कार्यभाराचा राज्यमंत्री स्वतःचे खाते पूर्णपणे चालवतो आणि खात्याचा विषय निघाला तरच कॅबिनेटमध्ये जातो. आयर्लंडचा सुपर ज्युनियर दर आठवड्याच्या बैठकीत असतो, परंतु त्याच्या डोक्यावर त्याच खात्याचा वरिष्ठ मंत्री बहुधा असतोच.

एकदा पायंडा पडल्यावर प्रत्येक आघाडीने तो उचलला. 1997 मध्ये प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सचे बॉबी मॉलॉय, 2011 मध्ये लेबरचे विली पेनरोज, 2016 मध्ये अपंगांच्या प्रश्नांची जबाबदारी घेतलेले अपक्ष फिनियन मॅकग्रा, अशी ती माळ आहे. या सर्वांमध्ये समान धागा हाच की लहान भागीदाराला बैठकीत आणखी एक कान आणि आणखी एक तोंड हवे होते. 2025 मध्ये त्यांची संख्या चार झाली: मुख्य प्रतोद मेरी बटलर, हिल्डेगार्ड नॉटन, आणि अपक्षांपैकी नोएल ग्रीलिश व शॉन कॅनी. म्हणजे बैठकीच्या मेजाभोवती महाधिवक्ता धरून 20 जण झाले, आणि घटना मात्र 15 वर थांबलेली.

या पदासाठी राज्यमंत्र्याच्या वेतनाव्यतिरिक्त वर्षाला सुमारे 16 हजार युरोचा भत्ता असे आणि कायद्याने तो दोघांनाच देय होता. 2020 मध्ये भत्त्याचे दावेदार तीन झाले तेव्हा तिसऱ्यासाठी कायदा बदलण्यात आला. कोविडच्या टाळेबंदीत लोकांचे रोजगार बुडालेले असताना हा बदल झाल्याने जनमत एवढे बिथरले की संबंधितांना भत्त्यावर पाणी सोडावे लागले. मंत्रिपदाच्या लाभांवरून लोकांना राग येण्यासाठी रक्कम मोठी असावी लागत नाही, वेळ चुकीची असली तरी पुरते.

आता घटनात्मक आक्षेपाकडे येऊ. शिन फेनचे खासदार पा डॅली आणि पीपल बिफोर प्रॉफिटचे पॉल मर्फी यांनी या प्रथेला उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि जुलै 2025 मध्ये तीन न्यायाधीशांपुढे युक्तिवाद झाले. अर्जदारांचा मुद्दा असा की 28 व्या अनुच्छेदाने सरकारचा आकार ठरवला आहे, सरकार एकत्रितपणे बसते व निर्णय घेते असेही म्हटले आहे, आणि सामूहिक जबाबदारीचे तत्त्व घालून दिले आहे. मग सरकारबाहेरचे लोक प्रत्येक बैठकीत नियमितपणे सहभागी होत असतील तर निर्णय 15 जणांचा राहतो का? शिवाय 1997 च्या सार्वमताने मंत्रिमंडळातील चर्चेच्या गोपनीयतेला घटनेत स्थान मिळाले आहे. ती गोपनीयता ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात हे पाहुणे बसतात काय? राज्याची बाजू अशी की बैठकीला कोणाला बोलवावे याविषयी घटना मौन बाळगते, या राज्यमंत्र्यांना मताधिकार नाही, आणि अंतिम निर्णय 15 जणच घेतात.

मताधिकार नसल्याचा युक्तिवाद आम्हाला लंगडा वाटतो. आयर्लंडच्या मंत्रिमंडळात मतदान क्वचितच होते. निर्णय चर्चेअंती सहमतीने होतात, आणि ज्याच्या पाठिंब्यावर सरकार तगून आहे अशा गटाचा माणूस मान हलवून नकार देत असेल, तर त्याने हात वर केला की नाही याला अर्थ उरत नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे की पक्ष एकमेकांशी बोलणारच, आणि ते बोलणे बैठकीत झाले नाही तर बैठकीच्या आधी बंद दाराआड होईल. घटनेच्या शब्दांचा आणि आघाडीच्या गरजेचा मेळ घालायचा प्रामाणिक मार्ग सार्वमत हाच आहे. तो राजकीयदृष्ट्या अवघड आहे म्हणून खुर्च्या मागच्या दाराने आणल्या जातात, ही अर्जदारांची तक्रार रास्त आहे.

हिंगोली जिल्ह्यातील एक निवृत्त ग्रामसेवक विचारतात: आपल्याकडे राज्यमंत्र्यांना काम नसते, फायली कॅबिनेट मंत्र्यांकडेच जातात, अशी ओरड दर सरकारात होते. तिकडे काय स्थिती आहे?

ओरड तिकडेही आहे, परंतु तिच्यावर उपाय म्हणून कायद्यात एक व्यवस्था केलेली आहे. 1977 च्या कायद्यानुसार वरिष्ठ मंत्र्याने विनंती केल्यास सरकार एक आदेश काढते आणि विशिष्ट कायद्यांखालील त्या मंत्र्याचे अधिकार राज्यमंत्र्याकडे सोपवते. कोणत्या कायद्याखालील कोणते अधिकार, हे आदेशात नमूद असते. आपण ग्रामसेवक म्हणून जमिनीचे व्यवहार जवळून पाहिले असतील, त्यामुळे हे मुखत्यारपत्रासारखे आहे असे सांगितल्यास लगेच उमजेल: मुखत्याराला सही करता येते, परंतु मालकाचा हक्क संपत नाही. वरिष्ठ मंत्री तेच अधिकार स्वतःही वापरू शकतो, देखरेख त्याचीच राहते, आणि संसदेत उत्तर देण्याची जबाबदारीही अखेर त्याच्यावरच असते.

म्हणून आयर्लंडमध्ये कोणी राज्यमंत्री झाला, की त्याचे पदनाम किती लांब आहे यापेक्षा त्याच्या नावाचा अधिकार सोपवण्याचा आदेश निघाला का आणि त्यात काय लिहिले आहे, हे पाहावे. आदेश निघाला नसेल तर तो राज्यमंत्री उद्घाटने करणारा, सभागृहातील उशिराच्या चर्चेला रिकाम्या बाकांसमोर लिखित उत्तर वाचून दाखवणारा मंत्री राहतो.

आदेश असला तरी वरिष्ठ मंत्र्याशी बिनसल्यास काय होते, याचा दाखला 2012 मध्ये मिळाला. लेबर पक्षाच्या रोशीन शॉर्टल आरोग्य खात्यात प्राथमिक आरोग्यसेवेच्या राज्यमंत्री होत्या आणि आरोग्यमंत्री जेम्स रायली हे फिने गेलचे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी गरजेच्या निकषांवर गावांची यादी तयार झाली होती. रायली यांनी ती वाढवली आणि वाढीव यादीत त्यांच्याच मतदारसंघातील स्वॉर्ड्स व बॅलब्रिगन ही गावे आली. कोणत्या निकषावर ही गावे आली, असा शॉर्टल यांचा सवाल होता. सभागृहात रायली यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आला तेव्हा शॉर्टल यांनी सरकारच्या बाजूने मत दिले, परंतु भाषणात मंत्र्यांच्या समर्थनाचा एक शब्दही उच्चारला नाही. सप्टेंबर 2012 च्या अखेरीस त्यांनी राज्यमंत्रिपद सोडले आणि पक्षाच्या संसदीय गटातूनही बाहेर पडल्या. पुढे 2015 मध्ये सोशल डेमोक्रॅट्स या पक्षाच्या संस्थापकांत त्या होत्या. उपकेंद्र कोणत्या गावाला मिळावे यावरून आपल्याकडे जिल्हा परिषदांत होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते राजीनाम्याचे.

विली पेनरोज यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते सुपर ज्युनियर होते, म्हणजे बैठकीच्या मेजाशी बसत होते. नोव्हेंबर 2011 मध्ये सरकारने त्यांच्या मतदारसंघातील मलिंगार येथील लष्करी बराक बंद करण्याचे ठरवले. ज्या मेजाशी बसण्यासाठी लहान पक्ष एवढा आटापिटा करतात, त्याच मेजावर हा निर्णय झाला आणि तो रोखणे त्यांना जमले नाही. त्यांनी पदत्याग केला. सुपर ज्युनियरच्या खुर्चीचे वजन किती, असे कोणी विचारल्यास आम्ही प्रथम मलिंगारकडे बोट दाखवू. अधिकाराच्या आदेशासह एखादे छोटे खाते आणि आदेशाविना मंत्रिमंडळातील खुर्ची, यांतून निवड करायची वेळ आली तर मतदारसंघाचे हित पहिल्या पर्यायात आहे.

जालना येथील एक व्यापारी: मराठवाड्याला मंत्रिपदे मिळतात तरी अनुशेष उरतोच. आयर्लंडमध्ये मागास भागाला न्याय देण्यासाठी राज्यमंत्रिपदाचा उपयोग होतो का?

समजूत काढण्यासाठी होतो, एवढे निश्चितपणे म्हणता येईल. आयर्लंडचा पश्चिम भाग, विशेषतः मेयो, गॉलवे, स्लायगो आदी काउंट्यांचा कॉनाख्त प्रांत, डब्लिनच्या तुलनेत आपण उपेक्षित असल्याची भावना पिढ्यान्‌पिढ्या बाळगून आहे. जून 2020 मध्ये तीन पक्षांचे सरकार बनले तेव्हा 15 वरिष्ठ मंत्र्यांत कॉनाख्तचा एकही नव्हता. मेयोचे डारा कॅलरी हे फिएना फॉइलचे उपनेते, परंतु त्यांनाही मुख्य प्रतोदपदावर समाधान मानण्यास सांगितले गेले. त्यांनी नाराजी लपवली नाही आणि पश्चिमेकडील वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. पुढे तीन आठवड्यांच्या आत कृषिमंत्री बॅरी कोवेन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ती जागा कॅलरी यांना मिळाली, परंतु ऑगस्टमध्ये कोविडचे निर्बंध असताना गॉलवे काउंटीतील क्लिफडन येथे झालेल्या गोल्फ मंडळाच्या भोजनाला हजर राहिल्याने त्यांनाही राजीनामा द्यावा लागला.

जालन्याचे रावसाहेब दानवे आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड हे दोघे 2021 ते 2024 या काळात एकाच वेळी केंद्रात राज्यमंत्री होते, एकाकडे रेल्वे तर दुसऱ्याकडे अर्थ खाते. त्या काळात प्रदेशाच्या पदरात काय पडले याचा हिशेब आपण व्यापारी या नात्याने आमच्यापेक्षा चोख मांडाल. आयर्लंडमधील असाच एक हिशेब मात्र सांगण्यासारखा आहे. डिसेंबर 2003 च्या अर्थसंकल्पात 10 हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांची कार्यालये डब्लिनमधून 53 ठिकाणी हलवण्याची घोषणा झाली. प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सचे टॉम पारलन तेव्हा सार्वजनिक बांधकाम कार्यालयाचे राज्यमंत्री होते. घोषणेनंतर लगेच त्यांच्या लीश-ऑफली मतदारसंघात ‘पारलनच्या मुलखात आपले स्वागत’ असे फलक झळकले. एका राज्यमंत्र्याने सरकारच्या सामूहिक निर्णयाचे श्रेय स्वतःच्या नावे लावल्याबद्दल भागीदार पक्ष संतापला तो संतापलाच. कर्मचारी मात्र ठरल्याप्रमाणे हलले नाहीत. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांशांचे स्थलांतर झाले आणि 2011 मध्ये योजना अधिकृतपणे गुंडाळण्यात आली. पारलन स्वतः 2007 च्या निवडणुकीत पराभूत झाले होते.

निलंगा येथील वाचक: वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याला तेथे राज्यमंत्री होता येते का? आणि आपल्याप्रमाणे कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसताना सहा महिने मंत्री राहता येते का?

पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. राज्यमंत्री डॉइल किंवा शॅनड (वरिष्ठ सभागृह) यांपैकी कोणत्याही सभागृहाचा सदस्य असू शकतो. ग्रीन पक्षाच्या पिपा हॅकेट 2020 मध्ये शॅनडच्या सदस्य असताना सुपर ज्युनियर झाल्या. वरिष्ठ मंत्र्यांपैकीही दोघांपर्यंत शॅनडमधून घेता येतात, मात्र ही तरतूद क्वचितच वापरली गेली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. सहा महिन्यांची सवलत तेथे नाही. सभागृहाबाहेरच्या व्यक्तीला मंत्री करायचेच झाले, तर शॅनडच्या 60 पैकी ज्या 11 जागा टीशक स्वतः नामनिर्देशनाने भरतात, त्यांपैकी एकीवर तिला आधी आणावे लागते.